आमच्याकडचं झाड

फोन उचलून बाई सवयीनं म्हणाल्या, "नर्सरी, बोला," आणि पलीकडून त्यांचीच मुलगी म्हणाली, "आई, मीच आहे. अगं, आमच्याकडचं झाड बिघडलंय." बाईंची पेन्सिल वहीवर टेकली होती ती तिथंच राहिली. तक्रारींची वही होती ती. कोणतं झाड, केव्हा नेलं, कुठं लावलं, कशानं बिघडलं, असे चार रकाने. वीस वर्षांत बाईंनी अशा अकरा वह्या भरल्या होत्या आणि कुणाचंही गाऱ्हाणं ऐकताना त्यांचा हात आपोआप चालायचा. आजही पहिल्या रकान्यात 'संत्रं' एवढं लिहून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पुढचं काही आपण ऐकलेलंच नाही. आमच्याकडचं. मावशीकडे राहत होती ती; मावशीकडचं म्हणाली असती तर चाललं असतं. तू दिलेलं म्हणाली असती, नुसतं संत्र्याचं झाड म्हणाली असती, तरी चाललं असतं. 'आपल्या' म्हटलं की ऐकणारा माणूस आत असतो आणि 'आमच्या' म्हटलं की तो दाराबाहेर उभा असतो, हे काय कुणाला शिकवावं लागतं? दोन वर्षांचं पोर यात चुकत नाही. हीच पोरगी साडेतीन वर्षांची असताना शेजारची मुलं बाईंच्या मांडीवर येऊन बसली की त्यांना दोन्ही हातांनी ढकलायची आणि म्हणायची, "ऊठ, आमची आई आहे ती." बाई तोंडदेखलं रागवायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याला तोच प्रसंग दोनदा सांगायच्या. तोच शब्द आज उलटा फिरून आला होता आणि बोलणारीला त्याचा पत्ताही नव्हता. तेच जास्त झोंबलं. मुद्दाम म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले. वरची पानं पिवळी पडतायत. पण बुंध्यापासून दोन कोंब आलेत, चांगले जोरदार. मावशी म्हणते, कोंब आलेत म्हणजे जगतंय, असू दे की."

असू दे की. हे आणखी एक. हे त्यांच्या धाकट्या बहिणीचं पालुपद, लहानपणापासूनचं. पेला फुटला, असू दे की. नापास झाले, असू दे की. पोरगी घरी असं कधी बोलत नसे. घरी तिला बिट्टी म्हणत, आणि घरी ती चार शब्दांचं उत्तर दोन शब्दांत देऊन खोलीत जाई. बाईंनी पाण्याचं विचारलं. एक दिवसाआड, बोट मातीत घालून बघून, मगच. ऊन? सकाळचं. खत? नाही घातलं, तू नको म्हणाली होतीस. माती बुंध्याला चढवलीयत का? नाही, कलमाचा सांधा मातीच्या वर मोकळा आहे. पोरीची सगळी उत्तरं बरोबर होती. बाई दिवसातून वीस वेळा जे प्रश्न विचारायच्या ते त्यांनी ओळीनं विचारले आणि त्यातला एक सोडला.

"आणि आई, ते महिनाअखेरीचं... रविवारी बोलू आपण."

"रविवारी कशाला? आज माझी दुपारची सुट्टी घेते. येऊनच बघते झाड."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "आज? बरं. मला यायला चार वाजतात," आणि फोन ठेवल्याचा आवाज. त्या क्षणभराचं बाईंनी मनातल्या मनात पुष्कळ काही केलं. तो हातातली पिशवी सावरण्याचा क्षण असू शकला असता. त्यांना तो तसा वाटला नाही.

नर्सरीत त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. मालकांनी एकदा गमतीत म्हटलं आणि ते चिकटलं. फाटकावरच्या पाटीवर 'रोपवाटिका' लिहिलं होतं, पण तो शब्द पाटीवरच राहिला होता. लोक नर्सरीतून झाड न्यायचे आणि पंधरा दिवसांनी ते वाळलेलं झाड काखोटीला मारून डॉक्टरीणबाईंपुढं उभे राहायचे, चेहरा असा की जणू दोष झाडाचा. "बाई, जळलं हो," म्हणायचे. बाई ते झाड आडवं धरायच्या, मातीचा गोळा मोकळा करायच्या आणि मुळं बघायच्या. मुळं खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेली असली तर झाड पिशवीत फार दिवस राहिलेलं, आणि लावणाऱ्यानं ती मोकळी न करता तशीच पुरलेली; बाहेर कितीही चांगली माती असो, अशी मुळं पिशवीच्या मापातच फिरत राहतात. मातीला आंबूस वास आला तर पाणी जास्त. एका गृहस्थानं तर पिशवीसकट झाड लावलं होतं आणि वर विचारलं होतं की पिशवी काढायची हे कुठं लिहिलंय. कुणी खड्डा विहिरीसारखा अरुंद खणायचा, कुणी झाड हौसेनं इतकं खोल बसवायचा की कलमाचा सांधाच मातीत जायचा. कुणी पहिल्याच दिवशी मूठभर खत घालून कोवळी मुळं भाजून काढायचं. जाळीच्या सावलीत वाढलेलं रोप कुणी नेऊन थेट दुपारच्या उन्हात ठेवायचं, आठ दिवस थोडं थोडं ऊन दाखवायचं असतं हे सांगूनही. आणि एक आजोबा होते, ते दर दोन दिवसांनी रोप हलकेच उपटून बघायचे, लागलं का म्हणून. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "आजोबा, त्याला लागू तर द्या. तुम्ही बघत राहिलात तर ते कधी लागायचं?" आजोबा खजील झाले होते. हे सगळं बाई हसत सांगायच्या, लोकही हसत ऐकायचे आणि दुसरं झाड घेऊन जायचे. आज दुपारी मात्र बाईंनी वही मिटली, मालकांना जाते म्हणून सांगितलं आणि छोटी खुरपी नको, म्हणून कलम करायचं नुसतं पातं पर्समध्ये टाकलं. पातं कशाला लागणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

सहा महिन्यांचाच करार होता आणि तो या महिनाअखेरीला संपत होता. बिट्टीनं जमिनीची मोजणी आणि नकाशे काढण्याच्या शिक्षणाला नाव घातलं, आणि ते कॉलेज निघालं धाकटीच्या घरापासून दहा मिनिटांवर. बाईंच्या घरून दोन बस आणि पाऊण तास. पहिलं सहामाही सत्र संपेपर्यंत मावशीकडे राहू दे, मग बघू, असं जेवताना ठरलं, म्हणजे नवऱ्यानं ठरवलं. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि त्याला जगातली कुठलीही गोष्ट थोडी दूर धरली की स्पष्ट दिसायची. "अगं, सहा महिने म्हणजे काय? बघता बघता जातील. आणि परकी आहे का ती? तुझीच बहीण." तीच तर अडचण होती. परकी बाई असती तर बाईंनी बिनघोर पाठवलं असतं. धाकटीला मूल नव्हतं. तिचा नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी यायचा, आणि आला की घरात पाहुण्यासारखा वागायचा. ती घरच्या घरी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायची. समोरच्या खोलीतल्या टेबलावर अनोळखी लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असत, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. त्या घरात रोज नवी माणसं यायची ती अशी, नुसती जबड्यापुरती. तिथं एक अख्खं माणूस राहायला जाणार, म्हणून धाकटीनं पडदे बदलले, पलंग घेतला, आणि बाईंना फोनवर विचारलं की ताई, ती उशी एक घेते की दोन. बाई म्हणाल्या, एक. बिट्टी दोन घ्यायची. हे खोटं बाईंच्या तोंडून इतकं सहज गेलं की फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

आणि मग ते कलम. पोरीला सोडायला जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बाईंनी नर्सरीतलं उत्तम संत्र्याचं कलम निवडलं. स्वतः बांधलेलं होतं ते; खाली रानटी जातीचा चिवट खुंट, वर गोड संत्र्याची काडी, आणि दोन्हींचा सांधा जुळावा म्हणून त्यावर घट्ट गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी. धाकटीच्या मागच्या दारी हातभर मोकळी जागा होती. बाईंनी खड्डा किती रुंद ते सांगितलं, पिशवी काढून दाखवली, मुळं बोटांनी सोडवली, पाणी कसं बघायचं ते सांगितलं. धाकटी मान डोलवत होती आणि बिट्टी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. दोघींनी ओल्या मातीचे हात एकाच फडक्याला पुसले. तेवढंच. एकच फडकं होतं, दुसरं काय करणार? पण बाईंना ते दिसलं आणि शेवटचं सांगायचं जे होतं ते ओठांवर आलेलं परत आत गेलं. ती पट्टी तीन महिन्यांनी सोडायची असते. सांधा जुळला की तिचं काम संपतं, बुंधा जाड व्हायला लागतो आणि पट्टी काही वाढत नाही. न सोडली तर ती सालीत रुतते आणि वरच्या काडीला अन्नपाणी जायचं थांबतं. वरचं पिवळं पडत जातं आणि खालून रानटी खुंटाचे कोंब जोरात फुटतात. लोकांना वाटतं, झाड फुटलं. बाई हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, घरी जाऊन विसरतील म्हणून पुन्हा फाटकापर्यंत जाऊन सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. विसरल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्यांना आठवत होतं, तीन महिने झाले तेव्हा आठवलं, चौथ्या महिन्यात दर आठवड्याला आठवलं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

बाईंना त्या झाडाचं काही वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. त्यांना एवढंच वाटत होतं की धाकटीच्या घरात काहीतरी लागू नये. एक कुठलीतरी गोष्ट. रविवार आला की त्या जायच्या, आणि बिट्टीनं दार उघडलं की तिच्या अंगावर आधी एक नजर टाकायच्या, गिऱ्हाइकानं आणलेल्या झाडावर टाकायच्या तशी. गालफडं बसलीयत का? डोळ्यांखाली काळं? एकदा तिला सर्दी झाली होती तर बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी येताना वाटेत स्वतःसाठी मोसंबीचा रस घेतला. बाकी सगळे रविवार वाईट गेले. पोरीचं वजन वाढलं होतं. केस कापले होते, न विचारता, आणि ते तिला शोभत होते. ती मावशीच्या टेबलाशी बसून कवळीला दात कोणत्या छटेचा लावायचा ते ठरवायची, आणि धाकटी म्हणायची, "ताई, हिचा डोळा बघ. मी तीन वेळा लावून बघते, ही एकदाच बघते." बाई हसायच्या. त्यांच्या पोटात दुखायचं, अगदी खरंखुरं, बरगड्यांच्या खाली, आणि त्या पाणी मागायच्या. मग बिट्टी पाणी आणायला उठायची, फळीवरचा नेमका पेला घ्यायची, माठावरचं झाकण न बघता उचलायची. एकोणीस वर्षं जिथं राहिली त्या घरात ती अजून चमचे कुठल्या खणात असतात ते विचारायची.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी, पुढच्या बाकावर एक बाई लेकराला थोपटत होती. लेकरू रडत होतं. बिट्टीही अशीच रडायची, पहिले चार महिने, संध्याकाळी पाच ते सात, घड्याळ लावल्यासारखी. बाईंनी सगळं करून बघितलं. उभं धरलं, पालथं धरलं, गाणं म्हटलं, दिवा बंद केला. एक दिवस धाकटी आली, अजून तिचं लग्न व्हायचं होतं, ऑफिसातून थेट आली होती, चप्पल काढता काढता म्हणाली, "आण इकडे," आणि पोर तिच्या खांद्यावर गेल्या गेल्या गप्प झाली. हुंदका अर्ध्यावर सोडून. धाकटी म्हणाली, काही नाही गं, नवा वास आला म्हणून बुजली असेल. बाईही म्हणाल्या, हो, तसंच असेल. आणि मग आत जाऊन दूध गरम करताना त्यांनी ते उतू जाऊ दिलं, बघत उभ्या राहून. त्याआधीचंही होतं. लहानपणी बाबा बाहेरून आले की पहिली हाक धाकटीला मारायचे. शाळेतल्या शिक्षिका थोरलीच्या वर्गात येऊन विचारायच्या, अगं तू तिची बहीण का. तिची बहीण. बाईंना आयुष्यभर असं वाटत आलं होतं की धाकटी काही हिसकावून घेत नाही, नुसती उभी राहते आणि गोष्टी तिच्याकडे जातात. हिसकावलं असतं तर तक्रार करता आली असती. आईनं एकदा बाईंना जवळ घेऊन सांगितलं होतं, तू मोठी आहेस, तू समजून घे. आठ वर्षांच्या होत्या तेव्हा. तेव्हापासून त्या समजून घेत होत्या, आणि समजून घेऊन घेऊन त्यांचा घसा कडू झाला होता. मग देवानं म्हणा, नशिबानं म्हणा, एक गोष्ट फक्त त्यांना दिली आणि धाकटीला दिली नाही. बाईंनी याचा आनंद कधी बोलून दाखवला नव्हता. पण वर्षानुवर्षं धाकटीच्या घरातून निघताना पोरीचा हात धरून जिना उतरायच्या तेव्हा त्यांची चाल जरा वेगळी असायची, आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक होतं.

धाकटीनं दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळाला प्लास्टर लागलं होतं आणि हातात मेण. "ताई, आज कशी काय? ये. बिट्टी चारला येईल." घरात गरम मेणाचा वास होता. टेबलावर सात साचे होते आणि त्यांच्या शेजारी बिट्टीच्या नकाशांच्या सुरळ्या, आणि दोन्हींना एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या. बिट्टीचं अक्षर. बाई थांबल्या नाहीत, सरळ मागच्या दारी गेल्या. झाड हातभर वाढलं होतं. लावणी सुरेख झाली होती; आळं गोल, माती भुसभुशीत, वर वाळक्या पानांचं आच्छादन, वाऱ्यानं हलू नये म्हणून शेजारी काठी आणि तिला सैल बांधलेली सुती दोरी. काठी रोवायची हे बाईंनीही सांगितलं नव्हतं, दोघींनी आपल्या मनानं केलं होतं. आणि वर पिवळी, दमलेली पानं. खाली दोन हिरवेगार कोंब, काटेरी, नुसतं रान. बाई खाली बसल्या. सांध्याजवळ पट्टी आता दिसतही नव्हती, वर-खाली साल फुगून तिच्यावर आली होती आणि मध्ये नुसती एक खोल रेघ उरली होती. त्यांनी पर्समधून पातं काढलं. पात्याचं टोक रेघेत घालून, सालीला न दुखवता, बुंध्याच्या एका बाजूनं उभा छेद दिला, आणि प्लास्टिकचं एक टोक नखानं पकडून हलकेच ओढलं. ते तुकड्यातुकड्यांनी निघत होतं. खाली लाकूड पांढरं पडलं होतं. मग त्यांनी दोन्ही रानटी कोंब मुळाशी धरून मोडून टाकले. मान वर केली तर धाकटी दारात उभी होती, हातातलं मेण बोटांनी मळत.

"कोंब का मोडलेस? तेच तर चांगले होते."

"ते संत्र्याचे नव्हते. खुंटाचे होते. वरचं मरायला लागलं की हे फुटतात."

"आणि ती पट्टी सोडायची असते होय?"

"हो."

"केव्हा?"

"तीन महिन्यांनी."

धाकटीनं मेणाची गोळी केली, चपटी केली, पुन्हा गोळी केली. "तू सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब जुळवत असल्यासारखी म्हणाली.

विसरले, हा शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. त्या कारणांची अख्खी यादी बाळगणाऱ्या बाई. लोकांना झाडं का मरतात ते सांगून सांगून त्यांना एवढं कळलं होतं की खरं कारण सांगितल्याशिवाय दुसरं झाडही जगत नाही. आणि शिवाय समोर धाकटी होती. तिला त्या विसरत नाहीत हे ठाऊक होतं. "मुद्दाम नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. खाली बसल्या बसल्या, झाडाकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं, तुझ्याकडे ते जगू नये. काहीतरी जगू नये. मी आले की ती बरी दिसते ना, ते मला बघवत नाही. तुझं बोलणं बोलते, तुझ्यासारखी हसते. माझ्या पोटात दुखतं. रोज दुखतं. सहा महिने झाले."

आता धाकटी रडेल किंवा आत निघून जाईल असं त्यांना वाटलं. ती पायरीवर बसली. मेणाची गोळी तिनं बाजूला ठेवली. शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं.

"तुला सहा महिने झाले, ताई," धाकटी म्हणाली. "मला एकोणीस वर्षं झाली."

बाईंनी वळून बघितलं. धाकटीचा चेहरा नेहमीचाच होता, कपाळावर प्लास्टर, ओठ जरा मिटलेले. बाईंना आपल्या जिन्यावरच्या त्या चालीची आठवण झाली आणि लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, सवयीनं, हेही वाटलं की बघा, इथंही हिचंच दुःख मोठं निघालं. हा विचार इतका हलकट होता की त्यांना स्वतःचंच हसू आलं. हसू आलं म्हणून धाकटीनं बघितलं, आणि का कोण जाणे, तीही थोडी हसली.

"जगेल का?"

"सांगता येत नाही. महिनाभर कळणार नाही. पानं गळतील, गळू देत. पाणी वाढवायचं नाही, खत नाही, दुसरीकडे हलवायचं तर मुळीच नाही. लोक घाबरून हलवतात. एकदा बसलेली मुळं पुन्हा तोडली की संपलं."

"महिनाअखेरीला ती जाणारच असेल तर मी अडवणार नाही," धाकटी मध्येच म्हणाली. "मी तिला एका शब्दानं राहा म्हटलेलं नाही. पडद्यांची शपथ." पडद्यांची शपथ ही त्यांची लहानपणीची शपथ होती, पडद्यामागं लपून खाऊ खाताना घ्यायची. "तूच विचार तिला. ती तुला घाबरते."

"मला?"

"घाबरते म्हणजे, तुला वाईट वाटेल म्हणून. मला तसं घाबरत नाही कुणी."

चार वाजले आणि समोरच्या दाराची कडी वाजली. बिट्टी पाठीवर नकाशांचं नळकांडं घेऊन थेट मागच्या दारी आली. आई जमिनीवर, मावशी पायरीवर, मध्ये झाड. तिनं आधी झाडाकडे बघितलं, मग मावशीकडे, मग आईकडे. क्रम बाईंनी मोजला. "काय झालं होतं त्याला?" बाईंनी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "काही नाही गं, सांध्याची पट्टी राहिली होती. ताईनं सोडली," आणि चहा टाकते म्हणून उठून आत गेली. झाकून घेतलं तिनं. हेही बाईंना खुपलं. पण खुपलं ते जरा निराळ्या जागी.

"बस ना," बाई म्हणाल्या. बिट्टी बसली नाही. काठीला बांधलेली सुती दोरी सोडून पुन्हा बांधत राहिली.

"आई, ते महिनाअखेरीचं. बाबा म्हणाले, तू खोली रंगवून घेतलीस."

"घेतली. पिवळट पांढरा दिलाय. तुझं टेबल खिडकीशी हलवलंय."

"हं." दोरीची गाठ बसली, सुटली. "मला तसं काय... दोन बस म्हणजे काही फार नाही. सगळी मुलं येतात लांबून. तू म्हणशील तसं. तू सांग."

ये म्हटलं तर ती आली असती. उद्याच आली असती, नळकांडं पाठीला लावून, पिवळट पांढऱ्या खोलीत. चार शब्दांचं उत्तर दोन शब्दांत देत राहिली असती, आणि बाईंना रोज रात्री तिच्या खोलीच्या दाराखालचा उजेड दिसला असता. बाईंना तेवढंही पुरलं असतं. खरंच पुरलं असतं. पोरीच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती, दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसल्यावर लहानपणी ताणायची तशी, दुखायच्या आधीच. ही शीर ओळखणारी आपण एकटीच, धाकटीला ती ओळखता येणार नाही, असं बाईंना वाटलं, आणि हे आपलं आहे, एवढं तरी आपलं आहे, असंही वाटलं. आणि ती ओळखता येते म्हणूनच आता दुसरं काही बोलता येणार नव्हतं.

"इथंच राहा," बाई म्हणाल्या. "शिक्षण संपेपर्यंत. दोन बसचं काही खरं नसतं."

बिट्टीनं दोरी सोडून दिली. तिचे खांदे खाली आले, मानेची शीर गेली, आणि चेहरा असा उजळला की तिला तो झाकायला वेळच मिळाला नाही. "बरं," ती म्हणाली. आता ती विचारेल, नक्की ना, आई? म्हणून बाई थांबल्या. त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं, आणि ते 'नक्की' असं नव्हतं. स्वयंपाकघरात कपांचा आवाज आला. बिट्टी वळली आणि "मावशी, ऐक ना," म्हणत आत पळाली. तिनं विचारलं नाही.